कोंबडी घ्या, पाकीट देऊ नका

पत्र:

मी मूळची वसईची, गेली नऊ वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरला नर्स आहे. मे महिन्यात आमच्या चर्चच्या ग्रुपबरोबर दोन आठवडे आफ्रिकेतल्या मलावीत एका मिशन हॉस्पिटलात सर्जरी कॅम्पला गेले होते. आम्ही अकरा जण, सगळे स्वखर्चानं आणि स्वतःची रजा टाकून. तिथं जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आमच्यातल्या दोघांनी रात्री अकराला उठून एका अनोळखी पोरासाठी रक्त दिलं. भूलतज्ज्ञ डॉक्टर स्वतःचं ऑक्सिमीटर तिथंच ठेवून आले. एका विद्यार्थ्यानं पायातले बूट काढून दिले. एक निवृत्त सिस्टर रोज संध्याकाळी एकट्याच ऑपरेशन थिएटरची इन्स्ट्रुमेंट्स घासत बसायच्या. एकानं तीन पेशंटांची बिलं भरली, हे तर शेवटच्या दिवशी कॅशियरकडून कळलं. मलाही राहवेना. एका मुलाच्या आईच्या हातात मी ४० पाउंड कोंबले. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात सात बायका माझी वाट बघत उभ्या, आणि इन-चार्ज सिस्टर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना एका पेशंटच्या आजीनं जिवंत कोंबडी आणून दिली. 'नको नको' म्हणत मी परत केली, तर तिचा चेहराच पडला. आता आमचं सामान उचलणारा १६ वर्षांचा मुलगा व्हॉट्सॲपवर शाळेची फी मागतोय. पुढच्या वर्षी परत जायचंय, आणि पुढच्या महिन्यात चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे, म्हणजे तिथला अनुभव सगळ्यांपुढे सांगायचा आहे. माझं चुकलं कुठं?

– एक नर्स, लेस्टर

उत्तर:

ताई, तुम्ही दिलंत यात काही चुकलं नाही. ज्या हातून दिलंत तिथं चुकलं. तुमच्या पत्रातल्या मंडळींपैकी या बाबतीत सगळ्यांत शहाणा माणूस तुम्हाला शेवटच्या दिवशी कळला, तोही कॅशियरकडून. तिथूनच सुरुवात करू.

मलावीत सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात. मिशनची हॉस्पिटलं 'चॅम' या ख्रिस्ती आरोग्य संघटनेखाली येतात आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पेशंटला पैसे भरावे लागतात. म्हणजे ऑपरेशन झालं, टाके सुकले, तरी बिलापायी माणूस खाटेवर अडकून पडतो. तुमच्या सोबत्यानं नेमकी तीच गाठ सोडवली. पेशंटला कळलं नाही, शेजारच्या खाटेला कळलं नाही, पैसे हॉस्पिटलच्या वहीत चढले आणि कोणाचं बिल भरायचं हे बहुधा तिथल्याच कोणीतरी सांगितलं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, ते कॅश काउंटरवर असं दिसतं.

तुमच्या ४० पाउंडांचं काय झालं ते पाहा. अधिकृत दरानं ते ऐंशी-नव्वद हजार क्वाचा होतात. 'गान्यू' म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्या घराला एवढी रक्कम एकगठ्ठा क्वचितच दिसते. आणि मिळाली कुठं, तर गार्डियन लोकांच्या गर्दीत. तिथं पेशंटचं खाणंपिणं, अंघोळ, कपडे सगळं नातेवाईक बघतात. त्यांना गार्डियन म्हणतात. हॉस्पिटलच्या आवारात त्यांच्यासाठी वेगळी शेड असते. तिथं बायका एकमेकींच्या चुलीवर न्सिमा शिजवतात, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. सरपण आणि मीठ वाटून घेतात, एकीला झोप लागली की दुसरी तिच्या पेशंटकडे बघते. तुमचं पाकीट त्या चुलीजवळ पोचायला अर्धा तास पुरतो. मग त्या आईकडे उसने मागणारे आले, तिला नोटा उशाखाली लपवाव्या लागल्या. दारातल्या सात बायकांनी 'तिलाच का?' हे तुम्हाला विचारलंच नसणार. विचारलं इन-चार्ज सिस्टरना, आणि तुम्ही गेल्यावरही वर्षभर त्याच विचारणार. सिस्टर गप्प होत्या त्या रागानं असतील, पण उत्तर देता येत नव्हतं म्हणूनही असतील.

आणखी एक होतं, ते दोन आठवड्यांत दिसत नाही. 'पाहुणे आले की पैसे मिळतात' ही बातमी पसरली की लोक आजार अंगावर काढून कॅम्पची वाट बघतात. मार्चमध्ये हर्निया साधा होता तेव्हा यायचं सोडून मे महिन्यात, आतडं अडकल्यावर येतात.

पुढच्या वेळी रक्कम आधीच ठरवा आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या समोर कॅश ऑफिसमध्ये भरा, 'गरीब रुग्ण निधी' म्हणून. त्या नावाची वही नसेल तर उघडायला सांगा. पावती घ्या. कोणावर खर्च झाला ते नावानं विचारू नका, महिनाअखेरी पेशंट क्रमांक आणि रक्कम एवढं कळलं तरी पुष्कळ. लेस्टरहून पाठवणार असाल तर तुमच्या ग्रुपच्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतून पाठवा. तुम्ही ब्रिटनमध्ये पुरेसा आयकर भरत असाल तर गिफ्ट एड या करसवलतीमुळे ४० चे ५० पाउंड होतात. खिशातून हातात दिलेल्या नोटांवर ते दहा पाउंड बुडाले, हेही लक्षात ठेवा.

रक्त दिलं त्यांच्याबद्दल. पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटीला मलेरियानं लहान मुलांचं हिमोग्लोबिन तीन-चारपर्यंत घसरतं, आणि तेव्हा काही तासांतच रक्त लागतं. एका पिशवीत सुमारे ४५० मिलिलिटर असतं. दहा किलोच्या पोराला किलोमागे २० मिलि धरलं तर २०० मिलि पुरतं, म्हणजे दोघांतल्या एकाचं रक्त बहुधा दुसऱ्याच पोराला चढलं असेल. त्यानं काही बिघडत नाही. मर्सी शिप्स या संस्थेच्या जहाजांवरच्या हॉस्पिटलांत हीच गोष्ट शिस्तीनं चालते. तिथले स्वयंसेवक राहण्या-खाण्याचा खर्च स्वतः उचलतात आणि तेच जहाजाची चालती-फिरती रक्तपेढी असतात. रक्तगट आणि तपासण्या आधीच झालेल्या असतात, गरज पडली की नाव पुकारलं जातं. तुमच्या ग्रुपनंही निघण्याआधी अशी यादी करावी: प्रत्येकाचा रक्तगट, मागच्या रक्तदानाची तारीख, हिमोग्लोबिन. ब्रिटनच्या नियमानं पुरुषानं दोन रक्तदानांत १२ आठवडे आणि बाईनं १६ आठवडे ठेवायचे. परदेशात आहोत म्हणून ते सोडायचं कारण नाही. तिथली लॅब एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस तपासते, तेव्हा 'निकाल मला सांगायचा की नाही' हे सुई टोचण्याआधी ठरवून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना आठ तास टेबलाशी उभं राहायचंय त्यांनी रात्री अकराला रक्त देऊ नये. स्क्रब नर्सला ऑपरेशनच्या मधोमध चक्कर आली तर त्या औदार्याची किंमत टेबलावरचा पेशंट मोजतो.

इथंच एक सांगून ठेवतो, कारण असं करणारे भेटतात. आपल्या मलेरिया प्रतिबंधक गोळ्या तापलेल्या पोराला देऊन टाकू नका. तिथं उपचाराचं औषध वेगळं असतं: आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचे तीन दिवसांत सहा डोस, आणि ते वॉर्डात असतं. तुमच्या चार गोळ्यांनी त्याचा मलेरिया बरा होत नाही आणि तुमचं संरक्षण तुटतं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असाल तर परतल्यावरही सात दिवस घ्यायचं असतं, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. 'उरलेल्या' वाटणाऱ्या गोळ्या उरलेल्या नसतात.

ऑक्सिमीटरचं देणं मनापासून आवडलं, पण ते आज चालू आहे का हे विचारा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत गरीब देशांतल्या हॉस्पिटलांमधली सुमारे ३८ टक्के उपकरणं बंद आढळली होती, आणि मुख्य कारणं होती ती शिकवलेला माणूस, उपकरणांची नीट व्यवस्था आणि पायाभूत सोयी नसणं. ऑक्सिमीटरमध्ये आधी मरतो तो प्रोब, म्हणजे बोटाला लावायचा सेन्सर, आणि त्याची वायर. बोटाला लावायची छोटी क्लिप असेल तर ती तीन वर्षांच्या मुलाच्या बोटावर नीट बसतच नाही. आकडा चुकीचा येतो आणि नर्स यंत्रावरचा विश्वास सोडून देते. थिएटरसाठी म्हणूनच बनवलेलं यंत्र लाइफबॉक्स ही संस्था पुरवते. तिच्या उभारणीत डॉ. अतुल गावंडे यांचा मोठा वाटा आहे. हे गावंडे घराणं मूळचं विदर्भातलं, म्हणून हे नाव मराठी माणसाला थोडं जवळचं वाटावं. त्या यंत्राबरोबर प्रशिक्षणही येतं, आणि निम्मा उपयोग त्यातच आहे. डॉक्टरांनी ठेवलेल्या यंत्रासाठी पुढच्या वेळी मोठ्यांचे दोन आणि मुलांचे दोन प्रोब न्या, मॉडेल क्रमांक बघून. प्लगची काळजी नको. मलावीत २३० व्होल्ट आणि ब्रिटनसारखाच तीन चौकोनी पायांचा प्लग आहे. अमेरिकेतून येणाऱ्यांनी मात्र १२० व्होल्टची यंत्रं आणून जाळू नयेत.

बूट हा छोटा विषय. त्यानं दिले, कोणाचं नुकसान झालं नाही, पुढचे चार दिवस स्वतः चपलेवर काढले असतील. चांगला पोरगा. फक्त थिएटरमध्ये चपलेनं जाऊ नये.

त्या निवृत्त सिस्टरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण आमच्या मते अकरा जणांत सगळ्यांत जास्त त्यांनी दिलं. का, ते सांगतो. पाहुण्या सर्जनला वाटतं, इतक्या लांब आलोय तर सहा वाजता अजून एक केस घेऊ. ही उदार इच्छा असते. तिचं ओझं कोणावर पडतं? रात्री चाळीस खाटांवर एकच नर्स असते. तिच्याकडे दर पंधरा मिनिटांनी बी.पी. बघायचा आणखी एक पेशंट येतो. थिएटरचा स्थानिक माणूस आठपर्यंत इन्स्ट्रुमेंट्स घासतो, नऊला निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावतो, साडेदहाला अंधारातून चालत घरी जातो. त्या सिस्टर घासायला बसल्या तेव्हा त्यांनी त्या माणसाला त्याचे दोन तास परत दिले.

म्हणून पुढच्या कॅम्पच्या आखणीत तुमचं मत घेतलं गेलं तर हे मांडा. मोठ्या केसेस पहिल्या तीन-चार दिवसांत घ्याव्यात. निघायच्या दोन दिवस आधी ऑपरेशनची लिस्ट बंद करावी, शेवटच्या दिवशी फक्त ड्रेसिंग आणि राउंड. तुमच्या पेशंटांना पुरेल एवढं दोन आठवड्यांचं गॉज आणि चिकटपट्टी ठेवून यावं. संध्याकाळी पाचनंतर नवी केस घ्यायची तर इन-चार्ज सिस्टरना आधी विचारावं, आणि त्या 'हो' म्हणतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं, कारण पाहुण्याला 'नाही' म्हणायची तिथं पद्धत नाही. जादा थांबलेल्यांना टिप देऊ नका. ओव्हरटाइमची रक्कम हॉस्पिटलला द्या, ते पगारात घालतील. नाहीतर पुढच्या महिन्यात, पाहुणे नसताना, जादा थांबायला कोणी तयार होत नाही.

आता कोंबडी. ताई, ही तुम्ही घ्यायला हवी होती. वसईत शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, गावाकडून येणारा वानोळा कोणी तोलून बघत नाही. त्या आजीनं तेच केलं. तिनं बरोबरी साधली. 'माझ्या नातवाला तुम्ही बरं केलंत, आता मीही तुम्हाला देणारी झाले.' तुम्ही परत केलीत तेव्हा ती पुन्हा घेणारीच राहिली. मलावीत वस्तू दोन्ही हातांनी घेतात, किंवा उजव्या हातानं आणि डावा हात उजव्या कोपराशी धरून. गुडघे किंचित वाकवतात. 'झिकोमो क्वांबिरी' म्हणा, म्हणजे खूप आभार. लगेच बदल्यात पैसे काढू नका, तो अपमान होतो. कोंबडी गेस्ट हाउसच्या स्वयंपाक्याकडे द्या आणि रात्री सगळे मिळून खा. तो तुमच्यापेक्षा जास्त खूश होईल. भुईमूग दिला तर न्या, पण विमानात कच्च्या शेतमालाचे नियम असतात, तेव्हा तिथंच वाटून टाकलेला बरा.

मुलाचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. तो १६ वर्षांचा आहे आणि तुमच्याशी खासगी नंबरवर बोलतोय. आजच तुमच्या ग्रुपमधल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला सांगा. तुमच्यावर संशय येऊ नये म्हणूनच नाही. उद्या दुसऱ्या कोणी त्याच वाटेनं त्याचा गैरफायदा घेऊ नये म्हणूनही. मग त्याला एकच निरोप पाठवा, गोड पण पक्का: 'तू लिहिलंस, आनंद वाटला. मी एकटी पैसे पाठवू शकत नाही. तुझी विनंती मी आमच्या ग्रुपकडे आणि हॉस्पिटलच्या सिस्टरकडे दिली आहे. यापुढे त्यांच्याशी बोल.' गप्प बसून ब्लॉक करू नका, ते दुष्टपणाचं होईल.

ग्रुपनं मदत करायचं ठरवलं तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून खर्चाचं पत्र मागवा आणि पैसे थेट शाळेच्या खात्यात सत्रागणिक भरा. माध्यमिक शाळा फॉर्म १ ते ४ अशी चार वर्षं असते, शेवटी एमएससीई, म्हणजे तिथली शालान्त परीक्षा. फीपेक्षा बोर्डिंग, गणवेश आणि वह्या यांतच जास्त जातं, ते धरा. तो आज ज्या फॉर्ममध्ये असेल तिथून फॉर्म ४ च्या शेवटापर्यंतची रक्कम आधी बाजूला काढता येत असेल तरच हो म्हणा. दोन सत्रं भरून तिसऱ्याला हात आखडला तर मुलगा शाळेतूनही जातो आणि मध्ये सोडलेल्या कामावरूनही.

सामानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण २३ किलोची बॅग दिसली की माणसाला काहीतरी भरावंसं वाटतंच. निघायच्या आठ आठवडे आधी तिथल्या फार्मासिस्टकडून यादी मागवा आणि यादीत नाही ते घेऊ नका. औषध दानाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे, औषध पोचेल तेव्हा मुदत संपायला किमान एक वर्ष हवं, ते जेनेरिक नावानं हवं, आणि कोणी अर्धवट वापरून परत केलेलं किंवा सॅम्पल नको. वर आयातीसाठी तिथल्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते. ती हॉस्पिटलच्या नावानं, आधीच काढलेली हवी, नाहीतर विमानतळावर बॅग अडकते. मुदत संपलेले टाक्यांचे धागे 'तिथं चालतील' म्हणून नेऊ नका. जे लेस्टरच्या पेशंटला चालत नाही ते तिथल्या पेशंटला का चालावं? तुमच्या स्वतःच्या नोंदणीचंही बघा. पाहुण्या नर्सलाही मलावीच्या नर्सेस आणि मिडवाइव्हज कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, तीही आधी अर्ज करून.

राहिली साक्ष. दहा मिनिटं मिळतील. पेशंटांचे चेहरे पडद्यावर दाखवू नका. वॉर्डात झोपलेल्या माणसानं मान हलवली म्हणजे संमती नव्हे. जखमांचे फोटो तर नाहीच. रक्त देणाऱ्या दोघांची आणि बूट देणाऱ्याची परवानगी घेऊन नावं सांगा, बिलं भरणाऱ्याचं नाव मात्र सांगू नका, त्यानं लपवायची मेहनत घेतली आहे. आणि दहातली निदान चार मिनिटं शेडमधल्या बायकांना द्या. एकीचं मीठ संपलं की दुसरी देते, अनोळखी पेशंटचं भांडं घासते, हे तुम्ही चौदा दिवस रोज पाहिलंत आणि पत्रात त्याची एकही ओळ नाही. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये परदेशी मिशनऱ्यांनी सुरू केलं. तिथल्या पेशंटांच्या उशाशीही भाकरी बांधून आणलेली आजी बसलेली असायचीच. मिशनच्या अहवालांना ती सहसा दिसत नाही. तुमच्या साक्षीत दिसू दे.

हे सगळं करण्याआधी इन-चार्ज सिस्टरना दोन ओळी लिहा. लांबलचक माफी नको. 'त्या दिवशी तुम्हाला न विचारता मी पैसे दिले आणि तुम्हाला अडचणीत टाकलं. पुढच्या वेळी तुम्ही सांगाल त्या ठिकाणी देईन. वॉर्डाला सध्या काय कमी पडतंय?' एवढंच. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवस पुन्हा विचारू नका. आता ऑक्टोबर संपत आलाय. नोव्हेंबरात तिथं पाऊस सुरू होतो, आणि मग मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन पोरं असतात.